समुद्रातली पेरणी

घरात बी राखायचं काम बहुतेक बाईकडेच असतं. कणगीत राख घालून ठेवलेलं, शिंक्यावर टांगलेलं बियाणं आपल्याला माहीत आहे. आज सांगणार आहे ते बियाणं मात्र समुद्रात पेरलेलं आहे.

उथळ खाऱ्या पाण्यात सागरी गवत वाढतं. आपल्या देशात ते तमिळनाडूच्या किनाऱ्याला आणि लक्षद्वीपला आहे. हे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. त्याच्या पात्यांत मासळीची पिल्लं लपतात, लाटांचा जोर कमी होतो. पृथ्वी तापवणाऱ्या वायूतला कार्बन ते शोषतं आणि मुळांशी चिखलात साठवतं.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यावर अशी मोठी कुरणं होती. १९३०नंतर त्यांवर रोग पडला, १९३३ साली वादळ आलं आणि गवत पार गेलं. त्यातल्या स्कॅलॉप नावाच्या शिंपल्याही गेल्या. त्यावर पोट असलेल्यांचा धंदा बसला. पुढे कित्येक वर्षं तळ उघडाच राहिला. पाणी तर चांगलं होतं, मग गवत का येईना? रॉबर्ट ऑर्थ या सागरी शास्त्रज्ञांनी अभ्यास करून दाखवलं, की याचं बी झाडापासून लांब जातच नाही. जवळपास बियाणंच उरलं नव्हतं.

मग १९९९ पासून त्यांनी सहकारी आणि स्वयंसेवकांना घेऊन दुसरीकडच्या कुरणांतून बी धरलेल्या काड्या आणल्या. उन्हाळाभर खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत ठेवल्या. खाली पडलेलं बी वेगळं केलं आणि थंडीआधी होडीतून हाताने फोकलं. वीस वर्षांत ७ कोटींहून जास्त बिया! पेरणी सुमारे ५०० एकरांवर झाली, गवत पसरलं सुमारे ९,००० एकर.

पण नुसत्या बियाण्याने भागत नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात पाणी फार तापलं आणि कुरणाचा काही भाग विरळ झाला. चिखलातला थोडा कार्बनही निसटला. नंतर गवत सावरलं. असे उन्हाळे पाठोपाठ आले तर सावरायला वेळच मिळणार नाही.

येत्या बैठकीत एक विषय घ्या. आपल्या गावात जमीन आहे, पाऊस आहे, पण बी नाही म्हणून काय काय पेरायचं थांबलं? कुणाच्या माहेरी ते अजून असेल, तर ओंजळभर आणायला सांगा.