एका गोळीची तीन नावं

आज ज्या गोळीविषयी बोलणार आहे, ती तुम्ही भोपाळला राहा, बडोद्याला राहा की बेंगळुरूला, तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यात असणारच. पॅरासिटामॉल.

हे नाव आलं कुठून? या औषधाचं एक रासायनिक नाव आहे: पॅरा-असिटिल-अमिनो-फिनॉल. एवढं लांबलचक नाव चिठ्ठीवर कोण लिहिणार? म्हणून त्याला कात्री लागली. ‘पॅरा’ घेतलं, ‘असिट’ घेतलं, ‘अमिनो’तला ‘अम’ आणि ‘फिनॉल’मधला ‘ऑल’. झालं पॅरासिटामॉल.

अमेरिकेत कात्री दुसरीकडे चालली. तिथे ‘पॅरा’ गळालं. ‘असिट’, ‘अमिनो’ आणि ‘फेन’ राहिलं. झालं असिटामिनोफेन. १९५५ साली तिथे बाजारात आलेलं ‘टायलेनॉल’ही याच नावातलं: ‘असिटिल’ची शेपटी ‘फिनॉल’च्या शेपटीला जोडलेली.

औषधांना जगभर एकच नाव असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं १९५३ मध्ये नावांची पहिली यादी काढली. या औषधाचं आंतरराष्ट्रीय नाव पॅरासिटामॉल. तरी अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये आजही असिटामिनोफेनच चालतं.

आता तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? मी औषधाच्या दुकानात बसतो. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील माझ्याकडून तापाच्या गोळ्या बांधून नेतात. तिथे सर्दी झाली की मुलगा तिथलं सर्दीचं औषध आणून देतो. त्यात बरेचदा असिटामिनोफेन असतं. आई इथली गोळीही घेते, तिथलंही औषध घेते. तिच्या लेखी औषधं दोन, यकृताच्या लेखी एकच, आणि तेही दुप्पट!

निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅम ही सर्वसाधारण कमाल मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती जवळजवळ भरते. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर मर्यादा डॉक्टरांनाच विचारा. जास्त डोस गेल्यावर सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही, हाच मोठा धोका. शंका आली, तर त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. वेळेत गेलं तर त्यावर उतारा आहे.

म्हणून परदेशी निघालेल्यांच्या पाकिटावर मी पेनानं लिहून देतो: ‘पॅरासिटामॉल म्हणजेच असिटामिनोफेन.’ तुमच्या घरून कुणी निघालं असेल, तर एवढी एक ओळ तुम्हीही लिहून द्या.