आण्णांची राजदूत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मोटारसायकलला आपल्याकडे फटफटी म्हणतात. हे नाव कुणा पंडिताने दिलेले नाही, आवाजावरून लोकांनीच पाडले. आता मात्र रस्त्यावरून जाणारी बहुतेक कुठलीच गाडी फटफट करत नाही. शेजारून कधी निघून गेली तेही कळत नाही. नाव राहिले, आवाज गेला. मी आज ज्या गाडीविषयी बोलणार आहे ती अस्सल फटफटी होती. आमच्या आण्णांची राजदूत. 175 सीसी, काळी, 1973 सालची. आण्णांनी ती 1979 मध्ये केजच्या एका गृहस्थाकडून जुनी विकत घेतली, तेव्हा मी 15 वर्षांचा होतो. गाडी दारात आली तेव्हा आईने तिला हळद-कुंकू लावले आणि आजीने विचारले, "हिला काय खायला लागतं?" आण्णा म्हणाले, "पेट्रोल." पुढे थोडे थांबून म्हणाले, "आणि तेल."

या तेलातच सगळी गोष्ट आहे.

आमचे गाव धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात. आपल्या जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीड शहरात पहिली गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. त्यामुळे आमच्यासारख्यांचा सगळा भरवसा एसटीवर, आणि एसटी रस्ता असेल तिथेच जाणार. डोंगरातल्या वस्त्यांवर पायी जायचे किंवा सायकल ढकलायची. अशा मुलखात ज्याच्याकडे इंजिनाचे वाहन, तो माणूस चार कोसांवरून ओळखला जायचा. डॉक्टरांची येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, दोन सायलेन्सरची, किकची दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी. ग्रामसेवकाकडे लुना, शेजारच्या नगरला तयार होणारी. दूधवाल्यांकडे पुढे बजाजची एम-80 आली, आणि 1985 नंतर कॉलेजच्या पोरांच्या स्वप्नात यामाहा आरएक्स 100. या सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक. पण खडकाळ वाटेवर दोन माणसे, एक ज्वारीचे पोते आणि वर एक शेळी घेऊन चढणारी गाडी म्हणजे राजदूत. तिचा आराखडा मूळचा पोलंडचा, एसएचएल नावाच्या गाडीचा. बनवायची ती एस्कॉर्ट्स कंपनी. तिला तीनच गिअर होते. वेग विचारू नये. 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरने चालवलेली छोटी राजदूत वेगळी. ती शहरातल्यांची, आमची ही कामाची.

आण्णांना गाडी हवी होती ती हौसेसाठी नव्हे. ते ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते. 1972 च्या दुष्काळानंतर आपल्या भागातली माणसे साखरपट्ट्यात फार मोठ्या संख्येने जाऊ लागली, हे आपण जाणताच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम कारखान्याकडून पैसे घेतो, प्रत्येक कोयत्याला पावसाळ्यातच 'उचल' देतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला सगळ्यांना ट्रकमध्ये घालून सांगली, कोल्हापूरकडे घेऊन जातो. उचल फिटेपर्यंत तोडणी. आण्णांच्या टोळीचे कोयते पाच-सहा वस्त्यांवर विखुरलेले होते. पायी गेले तर ही फेरी चार दिवसांची, राजदूतवर एका दिवसाची. म्हणून गाडी.

आता गाडीच्या आतले थोडे सांगतो. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा ही खोड सहन करा. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेलाची जागा वेगळी असते. टू-स्ट्रोकमध्ये तशी नसते. पेट्रोल आणि हवा आधी इंजिनाच्या खालच्या पेटीतून जाते आणि मग वर सिलिंडरात. म्हणून आतल्या भागांना वंगण मिळावे यासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आमच्या गाडीला लिटरमागे 40 ते 50 मिली. झडपा नाहीत, सिलिंडरच्या भिंतीला नुसती भोके. पिस्टन वर-खाली होताना तीच उघडतो, तीच झाकतो. इंजिनाच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट, म्हणून तो ठेक्यातला आवाज. भाग कमी, दुरुस्ती सोपी. पण जळलेला वायू बाहेर ढकलताना ताजे मिश्रणही थोडे त्याच्याबरोबर निसटते. म्हणून ॲव्हरेज कमी, आणि तेल जळते म्हणून मागे निळा धूर. आम्ही पोरे त्या धुरामागे पळायचो. त्याचा वास आम्हाला आवडायचा, हे आज सांगायला लाज वाटते.

आण्णा सातवी शिकलेले. पण हे सगळे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळायचे. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल टाकीच्या तळाशी बसते, म्हणून सकाळी किक मारण्याआधी ते गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायचे, पाळणा हलवावा तशी. प्लग काढून दाताच्या जुन्या ब्रशने घासायचा. उन्हाळ्यात सायलेन्सरची आतली नळी काढून ती शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईपर्यंत भाजायची. आत साचलेली काजळी जळून गेली की गाडी पुन्हा मोकळा श्वास घ्यायची. घाट उतरताना मला मागे बसवून ते सांगायचे, "रेस एकदम बंद करून उतरू नको. मधूनमधून पीळ देत जा. पेट्रोल बंद तर तेल बंद. आवाज बारीक झाला, गाडी मागं ओढल्यासारखी वाटली, की पहिला क्लच दाब." पुढे मी वर्गात टू-स्ट्रोक इंजिन शिकवायचो तेव्हा पुस्तकात आकृती होती, पण ही वाक्ये नव्हती.

1983 चा दसरा जवळ आला होता. मी अंबाजोगाईला योगेश्वरी महाविद्यालयात बी.एस्सी. करत होतो आणि सुटीला घरी आलो होतो. आण्णांना ताप होता. ट्रक ठरला होता. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तयार राहा, एवढा निरोप वस्त्यांवर द्यायचा होता. त्यांनी मला चावी दिली. घाटाखालच्या दोन वस्त्या झाल्या. पेट्रोल संपत आले म्हणून खाली पंपावर गेलो, टाकी भरली. तेलाचा डबा आणि माप डाव्या बाजूच्या पेटीत होते. मागे कॉलेजचा मित्र बसलेला, आमच्या गप्पा रंगलेल्या. पेटी मी उघडलीच नाही.

धारूरचा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो अरुंद रस्ता आणि ती वळणे आठवतील. दुसऱ्या गिअरमध्ये निम्मा घाट चढलो. आवाज बारीक झाला. मला तो ऐकू आला होता, हे मी आज कबूल करतो. पण मला वाटले, चढ आहे म्हणून असेल. पुढच्याच वळणावर मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि आम्ही दोघे खडीवर घसरत गेलो. गुडघे फुटले, बाकी काही नाही. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

संध्याकाळी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गाडी घरी आली. आण्णा पांघरूण घेऊन अंगणात आले. काही विचारले नाही. टाकीचे झाकण काढले, बोट बुडवले आणि अंगठ्यावर चोळले. पेट्रोल उडून गेले. बोटाला चिकटपणा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एकच शब्द म्हणाले, "तेल?"

मारले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप असताना ते सायकल घेऊन निघाले. डोंगरातल्या तीन वस्त्या उरल्या होत्या. एक झाली, दुसरीवर पोचता पोचता अंधार पडला, तिसरी राहिलीच. ट्रक गेला तेव्हा टोळीत चार कोयते कमी होते. कारखान्याकडून पैसे घेतलेले पूर्ण टोळीचे. कमी पडलेला हिशेब पुढच्या वर्षाच्या माथ्यावर चढला. सिलिंडर मी पोत्यात बांधून एसटीने अंबाजोगाईला नेले. मिस्तरीने बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवला. माझी फी त्या वर्षी उशिरा भरली गेली, आणि ती कुठून आली हे मला कळू दिले नाही. गाडी पुन्हा चालू झाली त्या दिवशी आण्णांनी माझ्याकडून समोर उभे राहून तेल मोजून घेतले आणि चावी माझ्याच हातात दिली. विषय पुन्हा कधी काढला नाही. ते 2004 साली गेले.

त्या आधीच या गाड्यांचा काळ सरला होता. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोल टाका आणि विसरा, असा तिचा लौकिक. ज्याला महिन्याचा हिशेब करायचा आहे तो भावनेत कशाला अडकेल? मग धुराचे नियम आले. 1996 आणि 2000 साली ते कडक होत गेले. आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले, येझदीचा म्हैसूरचा कारखाना त्याच वर्षी बंद झाला. नियम चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. आठवणीत धूर फार गोड लागतो, फुप्फुसात लागत नाही.

आता मात्र हौशी मंडळींनी या गाड्या पुन्हा डोक्यावर घेतल्या आहेत. चांगली राखलेली आरएक्स 100 नव्या गाडीच्या किमतीला जाते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले एकत्र जमून फेरी काढतात. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणीही मिळू शकते. मात्र ती गाडी रोज वापरायची नाही. जावा आणि येझदी ही नावे 2018 आणि 2022 मध्ये परत आली, पण इंजिने फोर-स्ट्रोक. म्हणजे फटफट नाहीच.

मी 2022 मध्ये निवृत्त झालो आणि पडवीतली राजदूत बाहेर काढली. आरटीओत कर भरून नोंदणीची मुदत वाढवून घेतली, अंबाजोगाईतल्या एका म्हाताऱ्या मिस्तरीला शोधले. गाडी चालू झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते काही केवळ धुराने नव्हे. पुण्याचे एक गृहस्थ बघून गेले. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून घरच्यांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले.

पुढच्या वर्षी त्या तिसऱ्या वस्तीवर, जिथे आण्णा पोचू शकले नव्हते तिथे, एकाच्या दहाव्याला जायचे होते. मुद्दाम राजदूत घेऊन गेलो. मनात कुठेतरी होते की माणसे आवाज ओळखतील, आण्णांची आठवण काढतील. ओढा ओलांडून वर आलो. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. वीस-बावीस हंगाम ऊस तोडलेली. तिने मान वर केली, हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "मुकादमाची गाडी व्हय ही?"

मी म्हणालो, "हो मावशी. मी त्यांचा थोरला."

"हिचा आवाज आला की पोटात गोळा यायचा रं लेकरा," ती म्हणाली. "आता घर मोडायचं, चूल मोडायची, म्हातारीपाशी कोण ऱ्हायचं, लेकरू नेयाचं का ठेवायचं. तुजा बाप माणूस चांगला. कवा वंगाळ बोलला न्हाई. पर आवाज त्यो आवाज."

मला काही बोलता येईना. शेवटी मी 1983 चे सांगितले. तेल विसरलो, गाडी जाम झाली, तुमच्या वस्तीवर निरोप पोचला नाही. चाळीस वर्षे जड झालेले ओझे होते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या साली गाडी आलीच न्हाई. आमी वाट बघितली. दुसऱ्या टोळ्या भरून गेल्या व्हत्या. मग रोजगार हमीवर खडी फोडली. जवारी उसनी आणून खाल्ली, हाल झाले. पर थोरल्याची साळा त्या साली सुटली न्हाई. चवथी पुरी झाली त्याची." थोरला पुढे एसटीत कंडक्टर झाला. त्या दिवशी दहाव्याच्या गर्दीत तोच पत्रावळी वाढत होता.

"फी देता आली नव्हती मला त्या वर्षी," मी उगीचच म्हणालो.

"मग? दिली का नंतर?"

"दिली."

"मग झालं की," ती म्हणाली.

मी विचारले, "अजून पोटात गोळा येतो का, मावशी?" ती हसली. "आता कशाचा? आता मुकादम जीपमदी येतो, काचा लावून. आवाजच न्हाई. कवा आला आन् कवा माणसं घेऊन गेला, कळत बी न्हाई."

पुण्याच्या गृहस्थांचा फोन अधूनमधून येतो. मी अजून हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही.

त्या दिवशी निघताना मी गाडी वस्तीवर चालू केली नाही. ढकलत ओढ्यापर्यंत आणली, पलीकडे गेलो, दोन्ही बाजूंना हलवून घेतली आणि मग किक मारली.