भांड्यावरचं नाव

आज आधी एक काम सांगते, मग बोलते. घरात तांब्यापितळेचं जुनं भांडं असेल तर ते उजेडात धरून बघा. काठावर बारीक टिंबांनी कोरलेली अक्षरं दिसतील. कुणाच्या लग्नात, कुणाकडून भेट, कोणतं साल.

आपल्या आज्ज्या-पणज्यांची नावं सातबाऱ्यावर नव्हती, घराच्या उताऱ्यावर नव्हती. कित्येकींची जन्मतारीखसुद्धा कुणी टिपली नाही. पण रुखवतातल्या घागरीवर नाव आहे, साल आहे, कधी माहेरचं गावही आहे. आणि हीच घागर आपण घर नवं बांधताना मोडीत घालतो. दुकानदार पितळेचं वजन करतो, नावाचं करत नाही. एकदा वितळलं की ती बाई कागदावरही नाही आणि भांड्यावरही नाही.

गावाचा इतिहास म्हटलं की आपण देवळाकडे बोट दाखवतो. आमच्या म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ आहे, रथाची यात्रा आहे, त्याचा अभिमान आहेच. पण १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातल्या बायकांनी रस्त्यावर खडी फोडली, पाझर तलावांची माती डोक्यावर वाहिली, सुकडी खाऊन लेकरं जगवली, हाही इतिहासच. त्या दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. देशभरासाठी असा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं. तेव्हा खडी फोडणारी विशीतली पोर आज सत्तरी ओलांडून ओट्यावर बसलीय. तिला विचारायला आपल्याकडे फार वर्षं नाहीत.

काही जणी म्हणतील, आमच्यासारख्यांचं कोण जपून ठेवणार? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या झाल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावांसह नोंदवल्या आहेत. कुणीतरी विचारलं, लिहून घेतलं, म्हणून त्या राहिल्या.

आपल्या बचत गटाला हे अवघड नाही. हिशोबाची वही आपण लिहितोच, त्याच्या शेजारी आणखी एक वही ठेवायची. वस्तू काय, कुणाची, कुठून आली, साल कोणतं, कुणी सांगितलं, एवढे पाच रकाने. साल आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. "धाकट्याच्या जन्माआधी" असं म्हातारीने सांगितलं तर तसंच लिहा.

जुन्या फोटोंचं थोडं जपून करा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, समोर वळ उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहा. "पाटलांची सून" असं लिहून थांबू नका, तिचं स्वतःचं नाव विचारा. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट मोबाईलवर फोटो घ्या. दारातल्या उजेडात घ्या, फ्लॅश बंद ठेवा.

मोबाईलमधले फोटोही जुने होतात बरं का. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावणीत जनावरांजवळ महिनोन्‌महिने राहिलेल्या बाया आपल्यातच आहेत. त्यांचे फोटो बिघडलेल्या फोनमध्ये अडकून पडलेत. त्यातले चांगले दहा तरी स्टुडिओतून कागदावर काढून घ्या.

एक नियम मात्र पक्का. वस्तू ज्या घरची त्याच घरी राहील, आपण फक्त फोटो आणि नोंद घेऊ. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. जमिनीचे, बँकेचे कागद कुणी दाखवले तरी त्यांचा फोटो घ्यायचा नाही. आणि एखादी म्हणाली, "ही गोष्ट नको लिहू," तर पेन खाली ठेवायचा.

पुढच्या मीटिंगला प्रत्येकीने एक वस्तू आणा. वाकळ चालेल, पाटा-वरवंट्याची नुसती गोष्टही चालेल. सासूबाईंना बरोबर आणलंत तर फारच छान. हप्ता जमा झाला की अर्धा तास त्यांचा. मोडीच्या दुकानात जाण्याआधी भांडं एकदा गटात येऊ द्या, एवढंच मागणं.