देवाविषयी खरे बोलणे



मी आयुष्यभर मराठी शिकवली. धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही ख्रिस्ती जीवनातील देवाविषयीच्या सत्यभाषणाचा विषय मी आपण होऊन निवडला. बोलण्याचा प्रश्न आला की भाषेच्या माणसालाही तेथे थोडी जागा असते.

जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. संपत्ती, मुलेबाळे, प्रकृती असे सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या समाचाराला अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन स्नेही येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसून राहतात. माझ्या मते त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. पुढे ते बोलू लागतात, आणि बोलतात ते अगदी शास्त्रशुद्ध : देव न्यायी आहे, न्यायी देव निरपराध्याला शासन करीत नाही, त्याअर्थी तुझ्याच हातून काही पाप घडले असले पाहिजे. ईयोब मात्र देवाशी भांडतो, त्याच्याकडे जाब मागतो. देवाची बाजू राखण्यासाठी तुम्ही असत्य बोलणार काय, असे तो मित्रांना विचारतो. ग्रंथाच्या शेवटी लागणारा निकाल वाचकाला चकित करतो. देवाचा कोप होतो तो त्याची वकिली करणाऱ्यांवर. यथार्थ बोलल्याचे श्रेय मिळते ते भांडणाऱ्या ईयोबाला. मित्रांना सात बैल व सात मेंढे अर्पण करावे लागतात, आणि ज्याला त्यांनी पापी ठरविले त्याचीच प्रार्थना त्यांच्या कामी येते. शोकाकुल घरी जाऊन तयार वचने ऐकविणाऱ्यांनी (हे मी सर्वच धर्मांच्या पंडितांना उद्देशून म्हणतो) हा निकाल अधूनमधून वाचावा.

आपल्या मराठी परंपरेत या कसोटीला उतरलेले एक नाव पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परमुलूख, वैधव्य, पदरी लहान मूल, आणि आश्रय त्या मठातील भगिनींचा. अशा स्थितीत माणूस यजमानांच्या शब्दाला मान डोलावतो. रमाबाईंनी डोलावली नाही. ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्रैक्य यांविषयी आपल्या बुद्धीला जे पटले नव्हते ते पटले म्हणून सांगण्यास त्यांनी नकार दिला, आणि सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. त्यांच्यावर अहंकाराचा आरोप झाला. मला त्या पत्रांत दिसते ती श्रद्धेची प्रामाणिक चाचपणी. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात याच बाईंनी सांगून टाकले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ख्रिस्ती समाजात एवढे नाव झाल्यावर हे लिहिणे सोपे नव्हते.

त्यांचे शेवटचे मोठे काम बायबलच्या मराठी भाषांतराचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द आपल्याबरोबर वेगळ्या दर्शनांचे अर्थ घेऊन येतात, आणि खेड्यातल्या बाईला ते कळतही नाहीत, असे त्यांना वाटे. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने संस्कृत शब्द वेचून दूर सारावेत, हे मला विलक्षण वाटते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. छपाई केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली.

याच्या नेमकी उलट वाट आपल्या गोव्यात फादर स्टीफन्स यांनी धरली होती. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत येशूची कथा पुराणिकाच्या थाटात येते. ऐकणाऱ्याच्या कानात आधीच वसलेला शब्द घेतल्यावाचून खरे पोहोचणार नाही, असा त्यांचा विचार असावा. त्या शब्दाबरोबर खोटे शिरेल, अशी रमाबाईंना भीती. रसिक म्हणून माझा कौल निःसंशय स्टीफन्सकडे आहे; रमाबाईंची मराठी मला ठिकठिकाणी खडबडीत लागते. परंतु ईयोबाचे पुस्तक वाचायचे असेल तेव्हा मी रमाबाईंचेच भाषांतर उघडतो.