जुन्या ट्रकला नवा आरसा



आज आम्ही आपल्याला आरशाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. भांग पाडायच्या आरशाविषयी नव्हे, ट्रकच्या आरशाविषयी. तुम्ही म्हणाल, "गुरुजींनी जन्मभर शाळा केली, त्यांना ट्रकमधलं काय कळतं?" खरे आहे. आम्हाला ट्रक चालवता येत नाही. पण एका ट्रकला आरसा बसवण्याच्या कामी आम्ही सल्ला दिला, आणि तो निम्मा चुकला. तो कसा चुकला आणि पुढे कसा सुधारला, तेच आज सांगतो. तुमच्यापैकी कोणी ड्रायव्हर आहेत, कोणी क्लीनर आहेत, कोणी ऊस भरायला जातात. बाकीचे पायी चालतात, सायकलीवर बसतात. म्हणजे ही गोष्ट सगळ्यांच्याच कामाची आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्याकडे स्वतःचा एक जुना ट्रक आहे. गळीत हंगामात तो ऊस वाहतो, एरवी वीट, वाळू, जे मिळेल ते. पूर्वी त्याच्याबरोबर क्लीनर असे. मागे घेताना क्लीनर खाली उतरे आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणे. डावीकडे कोणी आले की बाहेरून पत्र्यावर थाप मारी. थाप पडली की ट्रक जागच्या जागी थांबे. पुढे भाडे कमी झाले, डिझेल महाग झाले. क्लीनरचा पगार परवडेना. मग तो एकटाच ट्रक नेऊ लागला.

एके दिवशी सकाळी आमच्या गावच्या तिकटीवर तो डावीकडे वळत होता. आमच्या जुन्या शाळेतली सातवीची एक मुलगी सायकलवरून ट्रकच्या डाव्या अंगाने चालली होती. त्याला ती दिसलीच नाही. मुलीने प्रसंग ओळखून सायकल सोडली आणि गटाराकडे उडी मारली. ती वाचली. सायकल मागच्या चाकाखाली चिरडून गेली.

संध्याकाळी तो आमच्या घरी आला. ओट्यावर बसला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, मी आरशात बघितलं होतं हो. आरशात रस्ता मोकळा होता."

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या ट्रकला दोन्ही बाजूंना एकेक लहान, सपाट आरसा होता. सपाट आरशात वस्तू जेवढी असते तेवढीच आणि जितकी लांब असते तितकीच लांब दिसते. हा त्याचा गुण. पण त्यात मागच्या रस्त्याची अरुंद पट्टीच दिसते. हा त्याचा दोष. पट्टीच्या बाहेर जे असते ते ड्रायव्हरला नाहीच. त्या जागेला आम्ही आंधळा कोपरा म्हणतो. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून सर्वांत मोठा आंधळा कोपरा डावीकडे, क्लीनरच्या बाजूला असतो. आणि सायकलवाले, शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया नेमक्या त्याच बाजूने जातात!

दुसरी गोष्ट मागच्या चाकांची. ट्रक वळतो तेव्हा पुढची चाके मोठा फेर घेतात. मागची चाके आतल्या बाजूने कापत जातात. आपली बैलगाडी दोनच चाकांची, म्हणून ही गोष्ट आपल्या अंगवळणी नाही. ट्रकचे तोंड पुढे गेले की आपण समजतो, धोका टळला. खरा धोका त्यानंतर येतो.

आम्ही त्याला म्हणालो, "अरे, एवढंच ना? बहिर्गोल आरसा बसव. आम्ही वर्षानुवर्षे मुलांना हा धडा शिकवला आहे."

बहिर्गोल म्हणजे बाहेरच्या बाजूला फुगीर. घरी गेल्यावर स्टीलचा चकचकीत डाव घ्या. त्याच्या पाठीत पाहा. तुमचे तोंड लहान दिसेल, पण तोंडाबरोबर सारे स्वयंपाकघर दिसेल. चूल दिसेल, दार दिसेल, दारातले मांजरसुद्धा दिसेल. फुगीर आरसा असाच असतो. तो थोड्या जागेत पुष्कळ दाखवतो.

आमच्या शब्दाखातर त्याने दोन्हीकडचे सपाट आरसे काढून टाकले आणि फुगीर आरसे बसवले. आम्हाला मोठे समाधान वाटले. ते आठच दिवस टिकले. तो पुन्हा आला. महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकण्यासाठी त्याने ट्रक उजवीकडे काढला होता. आरशात एक बस दिसत होती, पण लहानशी, लांब. प्रत्यक्षात ती अगदी पाठीशी आली होती. बसवाल्याने ब्रेक दाबला म्हणून निभावले. तो म्हणाला, "गुरुजी, आरशात बस लांब होती, आणि बाहेर मानगुटीवर!"

आमची मान खाली गेली. धड्यातले पहिले वाक्य आम्ही त्याला सांगितले होते, दुसरे विसरलो होतो. फुगीर आरसा पुष्कळ दाखवतो, पण सगळे लहान दाखवतो. आणि जे लहान दिसते ते डोळ्याला लांब वाटते. तेव्हा एका आरशाने भागत नाही. "कोणी आहे का?" हे फुगीर आरशाला विचारावे. "किती जवळ आहे?" हे सपाट आरशाला विचारावे.

मग आम्ही दोघे एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने काम नीट केले. दोन्ही बाजूंना वर मोठा सपाट आरसा आणि खाली लहान फुगीर आरसा बसवला. डावीकडे आणखी एक फुगीर आरसा उंचावर, तोंड खाली करून लावला. त्यात डाव्या दाराखालची जमीन दिसते.

जुन्या ट्रकला नवा आरसा लावताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली गोष्ट दांडीची. हौदा केबिनपेक्षा रुंद असतो. दांडी आखूड पडली तर आरशात निव्वळ हौदाच दिसतो. दुसरी गोष्ट हादऱ्याची. एका बोल्टावर लोंबणारा आरसा इंजिनाबरोबर थरथरतो आणि त्यात सगळे पुसट दिसते. म्हणून दांडी वर आणि खाली, दोन ठिकाणी धरावी. जुन्या दाराचा पत्रा पातळ झालेला असतो. त्याला आतून लोखंडी पट्टी द्यावी, रबर घालावे आणि भोकाच्या कडांना रंग लावावा, म्हणजे गंज चढत नाही. तिसरी गोष्ट बेताची. आधी सीट आपल्या बेताची करावी, मग आरसा. सपाट आरशाच्या आतल्या कडेला आपल्याच हौद्याची बारीक पट्टी दिसावी, बाकी सगळा रस्ता दिसावा.

मिस्त्रीने कॅमेऱ्याचीही गोष्ट काढली. हल्ली मागे कॅमेरा आणि समोर लहान पडदा, असा आरसा मिळतो. मागे घेताना तो फार उपयोगी पडतो, कारण हौद्याच्या पाठीमागचे कोणताच काचेचा आरसा दाखवत नाही. पण घेण्यापूर्वी बॅटरी पाहावी. मोटारीत १२ व्होल्टची वीज असते. पुष्कळशा मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची केलेली असते. मोटारीचा कॅमेरा तिथे तसाच जोडला तर जळून जाईल. आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखल बसला की पडदाही आंधळाच. तेव्हा फडके जवळ ठेवावे.

आरसे बसले. पण आता आमचा आमच्यावरच विश्वास उरला नव्हता. आम्ही परीक्षा घ्यायचे ठरवले. सुट्टीच्या दिवशी ट्रक शाळेच्या मैदानात उभा केला. इंजिन बंद केले, चाकांना दगड लावले. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला. आधी त्याला फक्त जुना सपाट आरसा पाहायला सांगितला. आम्ही सायकल धरून ट्रकच्या डाव्या बाजूने चालू लागलो. तो ओरडला, "गुरुजी, गेला!" तिथे आम्ही फक्कीची रेघ मारली. पुढे "दिसला!" म्हणाला, तिथे दुसरी रेघ. असे करता करता आंधळा कोपरा मैदानावर आखून निघाला. त्यात आम्ही मुलांना उभे केले. अठरा मुले मावली. ड्रायव्हरला त्यांतले एकही दिसत नव्हते. ते ऐकून मुले हसू लागली. तो मात्र हसला नाही.

मग नवे आरसे पाहायला सांगितले. अठरातली पंधरा मुले दिसू लागली. तीन तरीही दिसेनात. एक दाराला अगदी चिकटून होते आणि दोन बंपरच्या कोपऱ्याशी. म्हणजे आरशाने कोपरा लहान होतो, नाहीसा होत नाही. हे तुम्ही पक्के ध्यानात ठेवा.

ही अडचण आपल्याच देशात आहे असे नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथला मोठा आंधळा कोपरा उजवीकडे. तिथे अशा अपघातांत वर्षाला सुमारे ४०० माणसे दगावत. युरोपीय संघाने २००७ साली नियम केला की, सन २००० पासून नोंदलेल्या, साडेतीन टनांहून जड अशा जुन्या मालट्रकांनाही मार्च २००९ च्या अखेरपर्यंत जास्त दाखवणारे आरसे बसवावेत. नवा ट्रक येईपर्यंत माणसांनी मरत राहायचे काय, असा तो प्रश्न होता.

आणि आरशाची एक जुनी गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची मोटारींची शर्यत झाली. प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी एक मिस्त्री बसे आणि मागून कोण येते ते सांगे. आपला क्लीनरच म्हणा ना! रे हॅरून नावाचा गडी एकटाच उतरला. मागचे दिसावे म्हणून त्याने गाडीवर आरसा लावला, आणि शर्यतही जिंकली. पण पुढे त्यानेच सांगितले की, विटांच्या रस्त्यावर आरसा इतका हादरत होता की त्यात काही दिसले नाही. पाहा, क्लीनर गेला की आरसा येतो, पण तो घट्ट बसवला नाही तर नुसती शोभा!

आता शेवटची गोष्ट. ड्रायव्हर बंधूंनो, आरशाला गोंडे, लिंबू-मिरची बांधू नका. तेवढाच रस्ता झाकतो. वळण्याआधी आरसा पाहा, क्षणभर थांबा, पुन्हा पाहा, आणि मग वळा. आणि बाकीच्यांनो, ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचे तोंड आपल्याला दिसत नसेल, तर आपण त्याला दिसत नाही. तिथून मागे सरा. हे वाक्य तुम्ही आज पाटीवर लिहून काढा, आणि घरी जाऊन पोरांना वाचून दाखवा.

आमच्या विद्यार्थ्याने त्या मुलीला नवी सायकल घेऊन दिली. आजही तिकटीवर तो ट्रक थांबवतो आणि आधी डावीकडचे दोन्ही फुगीर आरसे पाहतो. ती आता आठवीत आहे. आरशात दिसली की तो हात वर करतो, आणि ती पुढे गेल्यावरच वळतो.