दिवस आधी की महिना?

एकच तारीख दोन देशांत दोन तऱ्हांनी वाचली जाते, ही गोष्ट प्रवाशाला गमतीची वाटते. परंतु संगणकावर नोंदी ठेवणाऱ्याला तीच महाग पडते. ‘५/१२/१९६५’ हे आकडे भारतीय मनुष्य ५ डिसेंबर असे वाचील, अमेरिकन मनुष्य १२ मे असे. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवलेली पीएचपी ही भाषा आज असंख्य संकेतस्थळांच्या पाठीमागे राबते. तिच्यात लिखित तारीख ओळखणारी ‘स्ट्रटोटाइम’ नावाची सोय आहे, आणि तिचा दंडक मोठा मासलेवाईक आहे. वर्ष शेवटी लिहिलेल्या तारखेत तिरपी रेघ दिसली की ती महिना आधी धरते. आडवी दिसली की दिवस आधी. एका रेघेच्या कलाने जवळजवळ सात महिन्यांचा फरक! नोकरदाराच्या जन्मतारखेचे असे झाले, तर त्याची सेवानिवृत्ती तितकीच अलीकडे येते आणि कागद मात्र बिनचूक दिसतो.

वर्षातील १४४ तारखांत दिवसाचा आकडा बारापर्यंतचा असतो. त्यांपैकी बारा तारखा उलटसुलट वाचल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ मुकाट्याने चुकतात. तेरापासून पुढच्या तारखा यंत्र नाकारते, कारण तेरावा महिना नाही. हा नकार कोणी तपासलाच नाही, तर पुढच्या पायरीवर त्याचे शून्य होते; आणि शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, कारण सेकंदांची मोजदाद जागतिक वेळेच्या त्या मध्यरात्रीपासून सुरू होते. एखाद्या यादीत पुष्कळ मंडळी त्याच दिवशी जन्मलेली आढळली, तर योगायोगाला दोष देऊ नये.

२००९ च्या ५.३ या आवृत्तीत ‘क्रिएटफ्रॉमफॉरमॅट’ ही अधिक शहाणी सोय आली. तिला तर्क करू न देता, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, असे बजावून सांगावयाचे. मग तीच तारीख १९६५-१२-०५ अशा निःसंदिग्ध रूपात लिहून घेता येते. तथापि ३१/०२/२०२४ अशी अशक्य तारीख दिली, तर ती निमूटपणे २ मार्च करून देते. इशारा बाजूला टिपून ठेवते, पण विचारल्यावाचून सांगत नाही. (असे सेवक कचेऱ्यांतही असतात.) म्हणून तयार झालेली तारीख पुन्हा मूळ रूपात लिहून अर्जातील तारखेशी ताडून पाहावी, आणि न जुळल्यास अर्ज तेथेच परत करावा.

ज्या नोंदी आधीच बिघडल्या, त्यांना यंत्रात उपाय नाही. त्यांच्यासाठी मूळ दाखलाच काढून पाहावा लागतो.