थोडं थोडं, पण पूर्ण

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



आपल्या सोसायटीतली किती तरी मुलं आज पुण्या-हैदराबादेत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. फोन केला की म्हणतात, "स्प्रिंट चालू आहे, नंतर बोलतो." हे स्प्रिंट काय असतं, ते मी नातवाकडून समजून घेतलं. आपल्याही कामाचं वाटलं, म्हणून सांगतो.

पूर्वी सगळा आराखडा आधी करायचा, मग सॉफ्टवेअर बांधायचं आणि शेवटी ग्राहकाला दाखवायचं, अशी रीत होती. तोवर ग्राहकाची गरजच बदललेली असायची. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात 17 जाणकार एकत्र बसले आणि त्यांनी 'अजाइल', म्हणजे चपळ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. या पद्धतीत मोठं काम लहान फेऱ्यांत वाटतात. एक फेरी म्हणजे स्प्रिंट. बहुधा दोन आठवड्यांची, फार तर महिन्याची. सुरुवातीला या फेरीत काय पुरं होईल ते ठरवायचं, रोज 15 मिनिटं आढावा घ्यायचा, शेवटी झालेलं काम ग्राहकाला दाखवायचं आणि त्यावरून पुढची फेरी आखायची.

मारेगावच्या माणसाला हे नवीन नाही. सगळी बोंडं फुटेपर्यंत कापूस वेचायचा कोण थांबतो? पहिला वेचा, दुसरा वेचा, असा माल घरी येतो.

मला बँकवाल्याला त्यातला हिशेब आवडला. अर्धवट काम ते जमा धरत नाहीत. 'ऐंशी टक्के झालं' म्हणजे शून्य. कॅश दहा रुपयांनी कमी असली तरी ताळा जुळला असं आम्ही कधी म्हटलं नाही, तसंच हे. उरलेलं काम ते आलेखावर मांडतात. रेघ खाली उतरली नाही, की सगळ्यांनाच दिसतं.

आता आपलं पाहा. यंदा आपण 24 कामांची यादी मंजूर केली: पथदिवे, नाल्या, टाकी, कुंपण, बगीचा वगैरे. महिन्याला 3 कामं पूर्ण झाली तर 8 महिने लागतील, दोनच झाली तर वर्ष. हा वेग पहिल्या दोन महिन्यांतच कळेल, त्यासाठी वार्षिक सभेची वाट पाहायला नको. आणि आधी काय? माझ्या मते मागच्या गल्लीतले दिवे. तिथं बहुतेक सत्तरीपुढचे राहतात. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर बगीचा कामी येत नाही.

माझी सूचना साधी आहे. नोटीस बोर्डवर तीन रकाने आखा: करायचं, चालू, झालं. 'चालू'मध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त कामं नकोत. आणि दिव्याची चिठ्ठी 'झालं'मध्ये कधी लावायची? समितीनं सांगितलं म्हणून नाही, तर त्या गल्लीतल्या आजींनी रात्री उजेड पाहिला, की मग.

आम्हा म्हाताऱ्यांजवळ आणखी पंचवीस वर्षं नाहीत भाऊ, पण एक महिना नक्की आहे. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता पहिली फेरी ठरवू. बाहेरगावच्या मुलांनी फोनवरून यावं, स्प्रिंट चालू असली तरी!